निजून चालणारी सायकल

एक अख्खं वर्ष मी आमचं घर आडवं पाहिलं. ओसरीत भिंतीला लागून बाज होती आणि बाजेवर मी होते. तिथून छताचे पत्रे दिसायचे, पत्र्याला पडलेली दोन भोकं दिसायची, आणि मान वळवली की चुलीपुढे बसलेल्या मायची पाठ दिसायची. आमच्याकडे आईला मायच म्हणतात. तिची पाठ बघून मला कळायचं की ती भाकरी थापतेय, कांदा चिरतेय की नुसतीच बसलीय. सकाळ भाकरीच्या थपथपीनं सुरू व्हायची. मग नाना, म्हणजे माझे वडील, गोठ्यात म्हशीला शिव्या द्यायचे, आणि त्या शिव्या ऐकल्याशिवाय म्हैस पान्हा सोडायची नाही. मग सडकेवरून दुधाचा टेम्पो जायचा. दुपारी कोंबड्या उकिरडा उकरायच्या, बाकी काही नाही. आता मी पन्नाशी ओलांडली आहे, घरात चांगली गादी आहे, तरी दुपारी आडवं पडायला मला आवडत नाही. घरातले म्हणतात, जरा पड. मी म्हणते, माझं पडून झालंय.

का पडले होते ते एकदाच सांगते आणि पुढे जाते. संतोष माझा सख्खा भाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचे. तो घरात साठवलेल्या कापसाची ट्रॉली घेऊन शहागडच्या जिनिंग मिलला निघाला होता. मी मागे कापसाच्या ढिगावर बसले होते. दहावी पास झाले होते, अकरावीच्या वह्या शहागडला घ्यायच्या होत्या, आणि कापसावर लोळत जायला मिळत असताना एसटीत कोण बसतं? पाटाच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेचा भराव खचला. ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही कोरड्या पाटात उलटली. दादा ट्रॅक्टरखाली गेला. मी कापसासकट फेकले गेले आणि माझा डावा खुबा मोडला. कापसानं पोरगी वाचवली, असं लोक म्हणायचे. मायच्या समोर म्हणायचे, आणि माय पुढ्यातली पाटी उचलून आत जायची.

मी रडले नाही. दवाखान्यात मला सांगितलं तेव्हा रडले नाही, घरी आणलं तेव्हा नाही, वर्षश्राद्धालाही नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही आणि लाज म्हणूनही नाही. दात उपटायच्या आधी इंजेक्शन देतात, मग गाल आपलाच असून आपला वाटत नाही, तसं माझं सगळंच झालं होतं. भेटायला येणारा प्रत्येक जण मोसंब्या आणायचा, जणू आमच्या भागात मोसंबी कुणी पाहिलीच नव्हती. बायका माझ्या डोळ्यांकडे निरखून बघायच्या, तिथं काही मिळालं नाही की पदर तोंडाला लावून एकमेकींना म्हणायच्या, "पोर लई घट काळजाची हाय बाई." मी मोसंबी सोलून खायचे. आंबट आहे की गोड ते कळायचं, पण त्याचं पुढे काही व्हायचं नाही. दादाचा विचार मनात आणून बघायचे. त्याचा चेहरा यायचा, त्याचं तंबाखू लपवणं आठवायचं, आणि मी त्याच्याकडे बघत राहायचे, जसं रस्त्यानं कुणी जातं आणि आपण बघतो.

खुबा जुळला तो वाकडा जुळला. काठी घेऊन मला अंगणभर चालता यायचं. बसलं की मात्र एक भाकरी संपायच्या आत पाय बधिर होई आणि कंबरेतून कळ येई. एसटीचा बाक, मोटारसायकल, बैलगाडी, नानांनी सगळं करून पाहिलं. उशा लावल्या, घोंगडी लावली. निजले की मी बरी असायचे. जालन्याच्या डॉक्टरांनी एक व्यायाम दिला होता: पाठीवर निजायचं, पाय वर करायचे आणि हवेत सायकल चालवायची, सकाळी दोनशे फेरे आणि संध्याकाळी दोनशे. तो मी न चुकता करायचे, कारण ते करताना आकडे मोजायला लागायचे आणि आकडे मोजताना माणसाला काही वाटणं अपेक्षित नसतं. संध्याकाळी फेरे झाले की माय करडईच्या तेलात ओवा-लसूण कढवून आणायची आणि दोन्ही पाय चोळायची. ती बोलायची नाही, मीही बोलायचे नाही.

मला एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे शहागडच्या ज्युनिअर कॉलेजात जायचं आणि एकटीनं जायचं. आमच्या गावापासून कॉलेज सात किलोमीटर. वर्षभरात मी कुठेही एकटी गेले नव्हते. परसाकडेला जायचं तरी माय डबा धरून बरोबर असायची. पुढे काय करणार, असं कुणी विचारलं की नाना म्हणायचे, "बघू, बरी झाली की." मला दिसत होतं की मी जेवढी बरी व्हायची तेवढी झाले आहे. एक वर्ष वाया गेलं होतं. कॉलेजनं नाव धरून ठेवलं होतं, पण प्राचार्यांनी नानांना स्पष्ट सांगितलं होतं की महालक्ष्म्या-गणपती आटोपले की पुढच्या सोमवारी मुलगी हजर पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. बाजेवरच्या माणसाला घरातले प्रेमानं खाऊपिऊ घालतात आणि हळूहळू विचारायचं सोडून देतात, हे मला सतराव्या वर्षी नीट कळलं होतं. त्याची मात्र मला भीती वाटायची. बधिर असले तरी तेवढी एक भीती जागी होती.

हबीबचाचा आमच्याकडे वर्षानं आले. शहागडला मोठ्या सडकेला लागून त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं आणि आसपासच्या वीस गावांतल्या ट्रॉल्या त्यांच्या हातच्या होत्या. आमचीही. ट्रॉली उलटली तेव्हा लोक पाटावर जाऊन तिचे जोड बघून आले होते. जोड सगळे शाबूत होते, भरावच खचला होता, हे साऱ्या तालुक्याला ठाऊक होतं. हबीबचाचांनी स्वतः खाली उतरून प्रत्येक जोडावर हात फिरवला होता म्हणे. तरी त्यानंतर ते आमच्या दारात आले नव्हते, आणि नानाही त्यांच्या दुकानावरून जाताना मान खाली घालून जायचे. कुणाचं कुणाशी भांडण नव्हतं, पण कुणाच्या तोंडून शब्द निघत नव्हता.

ते आले तेव्हा मी हवेत सायकल मारत होते. एकशे साठाव्या फेऱ्याला अंगणात त्यांची टोपी दिसली. मी थांबले नाही. मायनं त्यांना बसायला पाट दिला, चहा दिला. ते चहा प्यायचं विसरून माझ्या पायांकडे बघत होते. मला वाटलं, हेही आता डोळ्यांत पाणी आणणार.

"नाना," ते म्हणाले, "पोरगी बसू शकत न्हाई ना?"

"न्हाई."

"पन निजून पायडल मारून राह्यली की बराबर."

"तो व्यायाम हाय, हबीबभाई."

"व्यायाम हाय ते दिसून राह्यलं मला. मी म्हन्तो, पोरीला सायकलवर बसवायचा खटाटोप कामून? सायकललाच निजवू."

नानांनी मायकडे पाहिलं. मायनं चुलीकडे. हबीबचाचांनी मग हकिकत सांगितली. उन्हाळ्यात एक गोरा माणूस मोठ्या सडकेनं दक्षिणेकडे चालला होता, सायकलवर, पण निजून. पाय पुढं, पायडल पुढं, पाठ मागं रेललेली, न्हाव्याकडं दाढीला बसावं तशी. त्याची सीटची पट्टी तुटली म्हणून तो दुकानात आला. हबीबचाचांनी पट्टी जोडून दिली आणि गोरा समोरच्या हॉटेलात पोहे खात होता तेवढ्या वेळात अख्ख्या सायकलीचं माप सुतळीनं घेऊन ठेवलं. चाचांना लिहिता येत नव्हतं. त्यांचं सगळं काम सुतळीवर चालायचं. एका तऱ्हेच्या ट्रॉलीची एक सुतळी, तिच्यावर गाठी, आणि कुठली गाठ कशाची ते त्यांच्या बोटांना माहीत. दुकानाच्या भिंतीला खिळ्यांवर अशा पन्नासेक सुतळ्या टांगलेल्या असायच्या. "कामून घेतलं माप, ते मला तवा कळलं न्हाई," ते म्हणाले. "गंमत वाटली म्हनून घेतलं. आता कळून राह्यलं."

मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं. पण झालं एवढंच की उरलेले चाळीस फेरे मी मारायचे विसरले.

त्यानंतरचे वीस-बावीस दिवस आमच्या अंगणात लोखंडाचा वास होता. जोडकाम चाचा दुकानात करायचे आणि तुकडे मोटारसायकलला बांधून जुळवायला आमच्याकडे आणायचे. दोन मोडक्या सायकली कापल्या. मधला कणा म्हणून चौकोनी पाइप घेतला. मागचं चाक मोठ्या सायकलीचं, पुढचं लहान मुलांच्या सायकलीचं. पायडल अगदी पुढच्या टोकाला, त्यामुळे साखळी एवढी लांब की अडीच साखळ्या एकमेकींना जोडाव्या लागल्या. ती मध्ये लोंबू नये म्हणून दुकानाच्या शटरातलं जुनं बेअरिंग खाली बसवलं. हँडलच्या दांड्या वाढवून गुडघ्यांच्या वर आणल्या. सीटचं काम नानांनी मागून घेतलं. नाना बाज विणण्यात गावात एक नंबर होते. चाचांनी पाइप वाकवून सांगाडा दिला आणि नानांनी त्यावर नवारीची पट्टी ओढून ओढून विणली, तोंडात पट्टीचं टोक धरून. दोघं मुकाट्यानं काम करायचे. मधूनच "पाना द्या", "धरा जरा", "बस", एवढंच. वर्षभर न बोललेली दोन माणसं अशा शब्दांनी पुन्हा बोलायला लागली. त्यांना ते कळलंही नसेल. मला बाजेवरून दिसत होतं.

माय या सगळ्यात नव्हती. ती त्यांना चहा द्यायची, दुपारी पिठलं-भाकरी आणि ठेचा द्यायची, आणि सायकलीकडे पाठ करून आत जायची. राजूरच्या गणपतीला तिनं नवस बोलला होता की मनूला चालत आणीन. मनू म्हणजे मी. सायकलीचं त्या नवसात काही नव्हतं.

सायकल तयार झाली त्या दिवशी चाचा दाढी करून आले होते. मला दोघांनी धरून सीटवर टेकवलं. पाठीला नवार लागली, मान टेकली, कंबर दुखली नाही. एक भाकरी खाऊन होईल एवढा वेळ गेला, दोन भाकरींचा गेला, पाय बधिर झाला नाही. नानांचा चेहरा उजळला. मग चाचा म्हणाले, "हं, ठेव पाय पायडलवर." मी पाय लांब केले. पायडल माझ्या तळव्यांच्या पुढं चांगलं वीतभर होतं. मी घसरून खाली गेले तर मान सीटवरून सुटली. वर सरकले तर पायडल आणखी लांब.

"असं कसं?" चाचा म्हणाले. "मी तर बराबर माप घेतल्तं."

"कुनाचं?" नाना म्हणाले.

चाचांनी सुतळी खिशातून काढली, गाठींवरून बोट फिरवलं आणि खाली बसले. गोरा साडेसहा फूट होता. आयुष्यभर त्यांनी ट्रॉल्या केल्या होत्या आणि ट्रॉली एका सुतळीवर शंभर केल्या तरी शंभर जणांना चालतात. जो वापरणार त्याचं माप घ्यायचं असतं हे त्यांच्या धंद्यात कधी आलंच नव्हतं. नाना हसायला लागले. दादा गेल्यावर ते पहिल्यांदा हसले आणि हसता हसता खोकले. मी त्यांच्याकडे बघत सीटवर पडून होते. वाईट वाटायला पाहिजे होतं. सोमवार दहा-अकरा दिवसांवर आला होता.

"आता माप घ्यू की," चाचा म्हणाले. "त्यात काय. जल्दी हुईल." त्यांनी अंगणात ताडपत्री अंथरली. मी काठी टेकत तिथं गेले, पाठीवर निजले, हात बाजूला ठेवले, पाय सरळ केले. चाचांनी सुतळीचं एक टोक नानांच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन ते माझ्या टाचांपाशी गेले.

"उठ!"

माय दारात उभी होती. पिठाचे हात तसेच. मी तिचा एवढा मोठा आवाज त्याआधी ऐकला नव्हता.

"उठ म्हन्ते ना. जित्या मानसाला निजवून मापत असतेत का? हितं, ह्याच जागी? तुमाला कळत न्हाई का काही?"

नानांच्या हातातून सुतळी गळून पडली. त्याच अंगणात, जवळपास त्याच जागी, वर्षापूर्वी दादाला ठेवलं होतं आणि गावातल्या माणसांनी तिरडीसाठी त्याच्या अंगावरून बांबूचं माप घेतलं होतं. मी तेव्हा दवाखान्यात होते. मला हे तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे निजलेल्या जिवंत माणसावरून दोरी धरत नाहीत हे मला माहीत होतं, पण नियम माहीत असणं वेगळं आणि मायनं ते पाहिलेलं असणं वेगळं. चाचांनी कान पकडले. "चुकलं भाभी. बिलकुल ध्यानात न्हाई आलं." त्यांनी ताडपत्रीची घडी घातली आणि मोटारसायकल ढकलत सडकेपर्यंत नेऊन मग चालू केली.

आठ दिवस सायकल गोठ्याच्या भिंतीला उभी राहिली. उभं राहून माप घेता येईल, असं नानांनी एकदा सुचवून पाहिलं. पण मी एका पायावर भार देऊन वाकडी उभी राहायचे, त्या मापाचा उपयोग नव्हता. मायपुढे हा विषय काढायची कुणाची टाप नव्हती. महालक्ष्म्या आल्या, जेवल्या, गेल्या. पुरणपोळी झाली, सोळा भाज्या झाल्या, मी सगळं खाल्लं. संध्याकाळी माय नेहमीसारखी पाय चोळायची, अंगठ्यानं नस दाबत, खुब्यापासून टाचेपर्यंत आणि परत वर. मी एकदा म्हणाले, "माय, सोमवारी नाव कमी करतील." तिचा हात थांबला नाही. "गरम हाय का तेल लई?" तिनं विचारलं. मला तिचा राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं, असं आज वाटतं. दोघींपैकी एकीनं तरी भांडायला हवं होतं.

शुक्रवारी चाचा आले. सायकल घेऊन जातो म्हणाले, अंगणात दिसली की भाभीला त्रास होतो. नानांनीही मान हलवली. दोघांनी सायकल भिंतीपासून काढली तेवढ्यात माय गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन आली. पाटी ठेवली, हात धुतले, पदराला पुसले.

"हबीबभाई, खडू हाय का?"

चाचांच्या खिशात खडू कायम असायचा.

माय सायकलीपाशी गुडघ्यांवर बसली. "कंबर कुठं येती हिची? हितं?" तिनं सीटच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवला आणि हाताचा पंजा ताणून पाइपवर वीत टाकली. एक. तिथून पुढं दुसरी. तिसरी. चौथी. मग तीन बोटं आडवी ठेवली. "उजवा पाय हितपर्यंत. करा खूण." चाचांनी खूण केली. ती थांबली. मग पाइपच्या दुसऱ्या अंगाला सरकून तिनं परत कंबरेपासून सुरुवात केली. चार विती, आणि पुढं एकच बोट. "डावा हितपर्यंत."

"भाभी, दोन्ही एकाच मापाचे—"

"न्हाईत एकाच मापाचे. डावा दोन बोटं कमी हाय." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "रोज चोळते मी. मला ठाव न्हाई का?"

माझा पाय आखूड झाला होता आणि मला ते माहीत नव्हतं. मी लंगडते ते दुखतं म्हणून, असं मी धरून चालले होते. कधीतरी दुखायचं थांबेल आणि लंगडणंही. नानांनाही माहीत नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. मायला किती महिने माहीत होतं देव जाणे. रोज संध्याकाळी ती दोन्ही पायांवर हात फिरवत होती आणि रोज तिच्या हाताला ती दोन बोटं लागत होती. तिनं एकटीनं ती ठेवून घेतली होती. आज मी आई आहे आणि मला वाटतं, मला ते कळू द्यायचं नव्हतं म्हणूनही ती माप घेऊ देत नव्हती; दादाचं कारण खरं होतं, पण अर्धं. हे तिला मी कधी विचारलं नाही. त्या शुक्रवारी मला काय वाटलं ते प्रामाणिकपणे सांगते: मला वाटलं, मग डाव्या पायडलला लाकडाचा ठोकळा लावावा लागेल. आणि मी ते तसं बोललेसुद्धा.

"व्हय," चाचा म्हणाले आणि त्यांनी खडूची खूण आणखी गडद केली. "लावू की ठोकळा. बाभळीचा लावू."

शनिवारी पाइप कापून आला, ठोकळा बसवून आला. शनिवार-रविवार मी आमच्या गल्लीत पडायला शिकले. निजलेल्या सायकलीवर तोल सांभाळणं म्हणजे सुरुवातीला फक्त पडणंच असतं, पण जमीन जवळ असते, ही एक सोय. गाव बघायला जमलं. पारावरचे लिंबाजीअण्णा म्हणाले, "समदं ठीक हाय, पन पोरगी मारुतीला पाय करून जाऊन राह्यली की हो." हे खरंच होतं. पारावरून वळताना माझे दोन्ही तळवे थेट देवळाच्या दाराकडे व्हायचे. त्यावर बराच खल झाला. शेवटी नाना म्हणाले, मारुतीनं एवढा डोंगर उचलला, दोन तळपायांचं काय वजन होणार त्याला. लिंबाजीअण्णांचं समाधान झालं नाही. मी मात्र वळणावर एक हात सोडून नमस्कार करायला लागले आणि तिथंच दोनदा पडले, तेव्हा अण्णाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे बाई नमस्कार, हँडल धर."

सोमवारी मायनं डबा दिला. नानांनी त्यांची सायकल बाहेर काढली होती, बरोबर येण्यासाठी. मी काही म्हणायच्या आत माय म्हणाली, "ठिवा ती सायकल. जाऊ द्या तिला." नाना म्हणाले, "अगं, पाटावरून जायचंय." माय म्हणाली, "म्हाईत हाय मला कुठून जायचंय." नानांनी सायकल परत लावली.

निजून चालवताना मागं वळून बघता येत नाही. पुढं आपले पाय, त्यांच्यामधून रस्ता, आणि वर बाकी सगळं आभाळ. दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याच्या वर आली होती, आणि मी एवढी खाली होते की मला तिची पानं खालून दिसत होती. ट्रकवाल्यांनी भोंगे वाजवले. एका बैलगाडीतली बाई "अगं बया" म्हणाली. पाट आला. भराव नवीन घातला होता, त्यावर मुरूम टाकला होता. मी तिथं हळू झाले, आता काहीतरी होईल म्हणून वाट बघितली. काही झालं नाही. बाभळीचा ठोकळा डाव्या तळव्याला लागत होता, बेअरिंग किर्र वाजत होतं. मी पाट ओलांडला. मला वाटलं, बस, मी आता अशीच राहणार. वाईटही वाटलं नाही.

कॉलेजच्या फाटकाशी एक म्हातारे शिपाई स्टुलावर बसले होते. मी ब्रेक लावला, पाय टेकले, काठी सीटच्या मागून ओढून काढली आणि उभी राहिले. सात किलोमीटर आले होते आणि पाय बधिर नव्हता. शिपाईमामा सायकलीभोवती एक चक्कर मारून आले, मग रस्त्याकडे लांबवर बघितलं. मी लंगडत होते, मला सोडायला कुणीतरी मागून येत असणार असं त्यांना वाटलं.

"कुनाची तू? संग कोन आलंय?"

"कोनी न्हाई," मी म्हणाले. "मी एकटीच आले."

वर्षभर मला हे वाक्य कुणाला तरी सांगायचं होतं. ते मी सांगितलं, आणि तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते खरं आहे. दादा नव्हता. कॉलेजात पहिल्या दिवशी तो मला सोडायला येणार होता, येताना भजी खाऊ घालणार होता, आणि तो नव्हता. आता मी रोज येणार होते आणि तो कुठल्याच दिवशी नसणार होता. मी सायकलीच्या सीटला धरून तिथंच खाली बसले आणि रडायला लागले, मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, पोरंपोरी बघत असताना. थांबता येत नव्हतं आणि थांबायचंही नव्हतं. शिपाईमामा घाबरले. त्यांनी स्टुलाखालची पाण्याची बाटली आणली, माझ्यासमोर उकिडवे बसले.

"लई चढ लागला का गं लेकरा?" त्यांनी विचारलं.

"न्हाई मामा," मी म्हणाले, "रस्ता सपाटच हाय."